आधी दुरुस्ती, मग नोंद

माझ्या आत्याला कुणी विचारलं, "तुम्ही काय करता हो?" की ती शांतपणे सांगायची, "माणसं वर-खाली करते." समोरचा गडबडला की तिला भलता आनंद व्हायचा. मग ती खुलासा करायची, की सहा मजल्यांची एक इमारत आहे, तिला एक लिफ्ट आहे आणि त्या सगळ्याची व्यवस्थापक ती आहे. खाली दुकानं, मधे कचेऱ्या, वर भाडेकरू. सगळ्यात वर गच्चीला लागून लिफ्टच्या मशीनची खोली आणि तिला खेटून आत्याची खोली, नोकरीबरोबर मिळालेली. लिफ्ट सुरू झाली की फडताळातल्या कपबशा किणकिणायच्या. पाहुण्यांना वाटायचं भूकंप झाला. आत्या म्हणायची, "बसा हो, कुणीतरी ऑफिसला उशिरा पोचलंय एवढंच."

तिने लग्न केलं नाही. का नाही केलं, हे विचारायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. मी तिच्या भावाची मुलगी. सुट्टीत तिच्याकडे राहायला जायचे ते मुख्यतः तिच्या गोष्टी ऐकायला, कारण आत्या गोष्ट सांगत नाही, करून दाखवते. मालकांचा खाकरा, मेकॅनिकचं नाकात बोलणं, सगळं. त्यामुळे जिथे मी हजर नव्हते तिथलंही मला चांगलं ऐकू आलेलं आहे.

गेल्या वर्षी एक कागद तिच्यासमोर आला. सही केली तर खोली राहणार होती, नाव जाणार होतं. नाही केली तर उलट. त्याची ही गोष्ट.

मोठे मालक, म्हणजे आताच्या मालकांचे वडील, नाकासमोर चालणारा कडक माणूस. आत्या कामाला लागली तेव्हा त्यांनी तिच्या हातात लिफ्टची नोंदवही दिली. मेकॅनिक कधी आला, काय तपासलं, काय बिघडलं, सगळं त्यात लिहायचं. वर्षाकाठी सरकारी तपासनीस येतो, तो आधी वही मागतो आणि मग लिफ्ट बघतो. आत्या नवीन, त्यामुळे अक्षरही सुंदर आणि प्रामाणिकपणाही उतू जाणारा. तिने लिहिलं, 'दोराचे काही धागे तुटलेले दिसतात. मेकॅनिकला कळवले आहे, अद्याप आलेला नाही.' तपासनीस आला, वही उघडली, ओळ वाचली आणि लिफ्टला सील ठोकून गेला. भाडेकरू जिने चढत राहिले आणि प्रत्येक वळणावर मोठ्या मालकांच्या नावाने खडे फोडत राहिले.

"बाई," मोठे मालक म्हणाले (इथे आत्या पाठ ताठ करते आणि हनुवटी गळ्यात घालते), "वहीत आजार लिहायचा नाही. बरा झाला की लिहायचा. आधी दुरुस्ती, मग नोंद. आजार मला येऊन तोंडी सांगायचा. कळलं?"

"कळलं. पण बरा नाही झाला तर?"

"माझ्या इमारतीत बरा होतो."

आणि व्हायचाही. आत्याने सकाळी सांगितलं की संध्याकाळच्या आत मेकॅनिक मशीनच्या खोलीत हजर. मग वहीत ओळ पडायची, 'दोर बदलला. काम समाधानकारक.' बिघडला कधी, ते नाहीच, थेट बरा झाला. वर्षानुवर्षं ती वही अशी निरोगी की तपासनीस म्हणायचे, "अहो, अशी वही आम्ही नवीन लोकांना दाखवायला हवी." आत्या ते वाक्य घरी येऊन आम्हाला ऐकवायची. तिला त्या वहीचा अभिमान होता. आम्हालाही तिच्या अभिमानाचा अभिमान होता, आता काय बोलायचं.

धाकटे मालक तेव्हा शाळेत होते. आई लहानपणीच गेलेली, वडील असे. परीक्षेत नापास झालं की पोरगं मशीनच्या खोलीत येऊन लपायचं. आत्या त्याला जेवायला घालायची आणि खाली जाऊन सांगायची, "वर अभ्यास करतोय, निवांत जागा आहे म्हणून." तो तिला ताई म्हणायचा. मोठे मालक गेले आणि तो मालक झाला तरी ताईच म्हणायचा. चारचौघांत ती त्याला "मालक" म्हणायची, एकटा असला की "तू".

"ताई, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त," असं तो कुणालाही सांगायचा. निर्धास्त म्हणजे कसा, तर आत्याचं तोंडी सांगणं या कानाने ऐकायचा आणि त्या कानाने गच्चीवरून सोडून द्यायचा.

आता मेकॅनिक. त्याला सगळी इमारत ग्रीसभाऊ म्हणते. दार करकरतंय? ग्रीस. बटण अडकतंय? ग्रीस. एकदा शिंपीणबाई म्हणाल्या, "भाऊ, माझी सून बोलत नाही माझ्याशी." तर हा म्हणाला, "बिजागरी दाखवा." या शिंपीणबाई चौथ्या मजल्यावर राहायच्या, कपडे शिवायच्या आणि रोज दुपारी आत्याच्या खोलीत चहाला यायच्या. आत्याला जगात "अगं" म्हणणारी तेवढी एकच होती.

तर लिफ्ट थांबताना चुकायला लागली. कधी मजल्याच्या वितभर खाली, कधी वितभर वर. आत्याने ग्रीसभाऊला वर नेलं.

"ब्रेकची पट्टी झिजली, बाई."

"ग्रीस लाव म्हणू नकोस."

"ब्रेकला ग्रीस लावलं तर सगळे थेट तळघरात. पट्टीच बदलावी लागेल. ड्रमही घासलाय. काम मोठं आहे, मालकांना विचारा."

विचारायला लांब जावं लागलं नाही. मालक जिन्यातच भेटले, रंगाऱ्याबरोबर. बाहेरून इमारत रंगवायचं चाललं होतं.

"मालक, लिफ्टचा ब्रेक गेला म्हणतोय हा. नीट थांबत नाही. एखादा पडेल."

"ताई, एवढं रंगाचं आटपू दे."

"रंगाने कुणी पडत नाही."

मालक हसले. रंगारीही हसला. ग्रीसभाऊ आत्याच्या मागच्या पायरीवर उभा होता, तोही हसला. "ताई म्हणजे ना," मालक म्हणाले, "हजरजबाबी. बघतो पुढच्या महिन्यात. आणि ते वहीत नका हं लिहू, आपला नियम माहितीये ना?"

नियम तिला माहीत होता. नियम तिनेच तर इतकी वर्षं पाळला होता. तिने पुन्हा सांगितलं, एकदा फोनवर, एकदा त्यांच्या कचेरीच्या दारात, एकदा चक्क त्यांच्या गाडीच्या खिडकीत वाकून. दरवेळी पुढचा महिना. बाहेरून इमारत लिंबासारखी पिवळीधमक झाली. ग्रीसभाऊ महिन्याला येऊन तेलपाणी करत राहिला आणि आत्या वहीत लिहीत राहिली, 'नियमित देखभाल झाली.' झालीच होती. खोटं एक अक्षर नव्हतं.

लिफ्टमध्ये पाटी लावायचं तिच्या मनात आलं होतं. सावकाश उतरा, पायाखाली बघा, असं काहीतरी. पण पाटी लावली की भाडेकरू विचारणार, भाडेकरूंनी विचारलं की मालक चिडणार. म्हणाली, राहू दे, होतंच आहे आता काम.

एका भर दुपारी शिंपीणबाई शिवलेल्या कपड्यांचा गठ्ठा छातीशी धरून चौथ्या मजल्यावर लिफ्टमधून उतरल्या. हनुवटीपर्यंत गठ्ठा, पाय कुठे दिसणार. लिफ्ट मजल्याच्या वर थांबली होती. जिथे जमीन असायला हवी तिथे पाऊल टाकलं आणि जमीन नव्हती.

खुबा मोडला. आत्या जिन्याने धावत खाली पोचली तेव्हा सगळीकडे कपडे पसरले होते आणि शिंपीणबाई म्हणत होत्या, "अगं, ते इस्त्रीचे आहेत, त्यांच्यावर पाय देऊ नका."

कुणी अपघात कळवला, मला माहीत नाही. पण तपासनीस मॅडम आल्या. बारीक, चष्म्याच्या, एकदाही न हसणाऱ्या. लिफ्ट बघितली, ब्रेक बघितला, सील लावलं. मग तळमजल्यावरच्या मालकांच्या कचेरीत बसून वही उघडली. इथून पुढे आत्या करून दाखवताना कुणाचाही आवाज काढत नाही, नुसतं सांगते.

मॅडमनी पानं उलटली. "यात ब्रेकबद्दल काही नाही."

आत्याने मालकांकडे बघितलं. तिला वाटलं, आता तो बोलेल. म्हणेल, ताईंनी सांगितलं होतं, राहून गेलं माझ्याकडून. मोठं झालेलं पोर आहे, म्हणेल.

मालक म्हणाले, "मॅडम, लिफ्टची सगळी जबाबदारी आमच्या ह्या व्यवस्थापक बाईंकडे आहे. मला काही कळवलं असतं तर मी एक दिवस थांबलो नसतो. वही तुमच्यासमोरच आहे."

ह्या बाई. आत्या सांगते, की तिला आधी वाटलं खोलीत आणखी कुणी बाई आहे.

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "परत परत सांगितलं. जिन्यात सांगितलं तेव्हा हा होता." आणि तिने ग्रीसभाऊकडे बोट केलं.

ग्रीसभाऊ खुर्ची असून उभा होता. त्याने टोपी काढली, तिच्यात काहीतरी शोधलं, परत घातली.

"बोल की," आत्या म्हणाली.

"रंगाऱ्यांचा खडखडाट होता मॅडम. काहीतरी बोलणं झालं खरं. पण काय झालं ते... मी आपला मागे होतो."

"हसलास तेव्हा ऐकू येत होतं?"

"मालक हसले म्हणून हसलो, बाई."

मालकांच्या आणखी चार इमारतींच्या लिफ्ट ग्रीसभाऊकडे होत्या. हे मॅडमना माहीत नव्हतं, पण त्या खोलीतल्या बाकी सगळ्यांना माहीत होतं.

मॅडमनी चष्मा पुसला. "बाई, वहीत नाही ते माझ्या दृष्टीने घडलेलं नाही. तुमचं काही लेखी असेल तर या आठवड्यात आणून द्या. तुमचंही, मालक."

त्या संध्याकाळी मालक वर आले. लिफ्टला सील, त्यामुळे सहा जिने चढून. धापा टाकत दारात उभे. आत्याने सवयीने पाणी दिलं आणि स्वतःचाच राग आला तिला.

"ताई, रागावलात ना?"

"बस आधी. पडशील."

बसले. खिशातून घडी घातलेला कागद काढला. टाईप केलेला, खाली आत्याचं नाव, सहीपुरती जागा मोकळी. लिहिलं होतं, की ब्रेकच्या बिघाडाची माहिती मला होती, ती मालकांना देण्याचे माझ्याकडून राहून गेले.

"कागदापुरतं हो ताई. तुम्हाला काय, एक ताकीद मिळेल, वय बघून सोडून देतील. माझ्यावर आलं तर बाकीच्या इमारती पण तपासतील. सगळं बसेल माझं."

"त्याही लिफ्ट अशाच आहेत?"

मालकांनी कागदाची घडी बोटाने सरळ केली.

"आणि ही खोली," ते म्हणाले, "तुमची. जन्मभर. वकिलाकडून लिहून देतो. नोकरी नाही केलीत तरी चालेल. मी काय तुम्हाला वाऱ्यावर सोडणारेय का? तुम्ही मला लहानाचं मोठं केलंत."

"ते चुकलंच जरा."

मालक हसले. आत्या हसली नाही. मग म्हणाले, "आणि नाही केलीत सही, तर ताई, मग मला तुम्हाला काढावंच लागेल. नाहीतर लोक म्हणतील जिच्यामुळे झालं तिलाच सांभाळतोय."

मी दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा कागद टेबलावर होता आणि त्यावर साखरेचा डबा ठेवलेला. आत्या म्हणाली, "करून टाकते गं सही. खोटं म्हणशील तर आहे. पण या वयात मी कुठे जाऊ? तुझ्या बापाकडे? त्याच्या बायकोचं आणि माझं पाच मिनिटं पटत नाही."

"माझी आई आहे ती."

"म्हणूनच पाच मिनिटं म्हटलं. नाहीतर दोन."

"आणि नाव?"

"नावाला काय खोलीभाडं पडतं का?" असं म्हणून ती उठली. "चल, आधी शिंपिणीला बघून येऊ."

दवाखान्याच्या खोलीत शिंपीणबाई उशांना टेकून बसल्या होत्या. आत्याला बघून त्यांचं तोंड फुललं. "आलीस बाई. चहा नाही बघ इथे, नुसतं गरम पाणी असतं पिवळं." मग दोघींचं सुरू झालं. नर्सबद्दल, सुनेबद्दल, गठ्ठ्यातले कपडे पोचले का त्याबद्दल. आत्याला बरं वाटायला लागलं होतं. कुणाजवळ तरी मन मोकळं करावं म्हणून तिने सगळं सांगितलं. मालक काय म्हणाला, ग्रीसभाऊ कसा मुका झाला, कागदात काय आहे. "ज्याला जेवायला घातलं गं, त्याने मला 'ह्या बाई' म्हणावं? आणि मी परत परत सांगत होते. हात जोडायचे बाकी ठेवले होते फक्त. ब्रेक गेलाय म्हटलं, एखादा पडेल म्हटलं..."

शिंपीणबाई ऐकत होत्या. एका ठिकाणी त्यांनी ऐकणं थांबवलं, ते मला दिसलं. त्यांचे डोळे आत्यावरून पांघरुणावर आले.

"म्हणजे तुला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"मग? पहिल्या दिवसापासून."

"रोज चहाला येत होते मी तुझ्याकडे. त्याच लिफ्टने."

आत्याने पांघरुणाचं टोक सारखं करायला हात पुढे केला.

"त्याला इतक्यांदा सांगितलंस," शिंपीणबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "मला एकदा नाही सांगावंसं वाटलं? 'अगं, पायाखाली बघ.' एवढंच. कप विसळता विसळता म्हणाली असतीस."

"अगं, मालकांचा... भाडेकरूंना कळलं असतं तर..."

"मी भाडेकरू होते होय."

बाहेर ट्रॉली गेली. शिंपीणबाई म्हणाल्या, "मला जरा पडायचंय," आणि भिंतीकडे तोंड करता येत नव्हतं म्हणून नुसते डोळे मिटून घेतले.

घरी येऊन आत्याने साखरेचा डबा बाजूला केला, मालकांचा कागद तसाच घडी करून फडताळात टाकला आणि कोरा कागद घेतला. लिहिताना मला बाजूला बसवलं नाही. मी मागून वाचलं. मालकांना कधी कधी आणि कुठे सांगितलं ते होतं. नोंद दुरुस्तीनंतरच करायची हा नियम कुणाचा आणि कधीपासूनचा ते होतं. मग लिहिलं होतं, 'हा नियम चुकीचा आहे हे मला पहिल्या दिवशीच कळले होते. वही चांगली दिसावी म्हणून मी तो पाळला. लिफ्ट धोक्याची आहे हे मी वापरणाऱ्यांपैकी कोणालाही सांगितले नाही. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनाही नाही.'

"आत्या, हे शेवटचं कशाला? तुझ्यावरच येईल."

"ते काढलं तर बाकीचं पण त्याच्या कागदासारखंच होईल," ती म्हणाली आणि सही केली.

मॅडमनी तो जबाब वाचला. कौतुक वगैरे केलं नाही. म्हणाल्या, "हे आधी वहीत लिहायचं होतं." पण मालकांच्या सगळ्या इमारतींच्या लिफ्ट तपासायला काढल्या आणि मालकांना स्वच्छ सांगितलं, की व्यवस्थापक ठेवला म्हणून मालकाची जबाबदारी हलत नाही, लिफ्ट ज्याची त्यालाच उत्तर द्यावं लागतं. आत्यालाही ठपका आला. यापुढे कुठल्याही लिफ्टची नोंद तिच्या सहीने चालणार नाही, असं लेखी मिळालं. ते वाचून ती इतकंच म्हणाली, "बरोबर आहे." आणि तो कागद फडताळात मालकांच्या कागदावर ठेवला.

मालकांनी तिला काढलं. स्वतः आले नाहीत, नोटीस पाठवली. खोली रिकामी करायला दोन-तीन महिने दिले, तेवढी लाज शिल्लक होती. त्या काळात ब्रेक नवा बसला, सील निघालं, नवीन व्यवस्थापक आला. आत्या वर बसून कपबशांचं किणकिणणं ऐकायची. दुपारी चहाला कुणी यायचं नाही.

सामान न्यायला मी गेले त्या दिवशी ग्रीसभाऊ मशीनच्या खोलीतून हात पुसत बाहेर आला. "बाई, ती ट्रंक द्या, मी उतरवतो." आत्या त्याच्याकडे बघून म्हणाली, "खडखडाटात ऐकू येत नाही रे मला," आणि ट्रंकेची एक कडी स्वतः धरली, दुसरी माझ्या हातात दिली.

लिफ्टमध्ये ट्रंक, गादीची वळकटी आणि आम्ही दोघी. पाचवा गेला. चौथ्यावर कुणीतरी बटण दाबलेलं होतं. लिफ्ट थांबली, अशी अलगद आणि नेमकी, की मजला कुठे संपतो आणि लिफ्ट कुठे सुरू होते ते बोट लावून सांगावं लागलं असतं. दार उघडलं. समोर वॉकर धरून शिंपीणबाई.

त्यांनी आधी आत्याकडे बघितलं नाही. खाली बघितलं, त्या फटीकडे. वॉकरचा एक पाय पुढे करून लिफ्टच्या जमिनीवर टेकवला, दाबून पाहिला. मग मागे घेतला.

आत्या ट्रंक पायाने ओढत कोपऱ्यात सरकली, अंग चोरून उभी राहिली. "ये ना," ती म्हणाली. "होईल जागा."

शिंपीणबाईंनी ट्रंकेकडे बघितलं, वळकटीकडे बघितलं, मग एकदा आत्याकडे.

"जा तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी पुढच्या फेरीला येईन."

आत्या बटणावर बोट ठेवून थोडा वेळ तशीच थांबली. मग तिने दार लावून घेतलं.